एक चिमटा

सकाळचे आठ वाजून दोन मिनिटं झाली होती आणि नंबरवालीच्या पहिल्या ताटातला निम्मा माल टोपल्यांमध्ये गेला होता. शेड पत्र्याची. उत्तरेच्या बाजूला रुंद खिडकी, खिडकीखाली लांब टेबल, टेबलाला पांढरा रंग. पांढऱ्यावर डिंकाचा खरा रंग लपत नाही, म्हणून. छताला पंखा आहे, पण हंगामात तो लावत नाहीत. उडालेली धूळ डिंकावर बसली की निघत नाही. टेबलाशी दोघी बसतात. खिडकीजवळच्या खुर्चीवर चष्मेवाली, तिच्या शेजारी नंबरवाली. वय एकोणपन्नास, या कामात अकरा वर्षं.

काम असं. ताटातून डिंकाचा एक खडा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, पालथा करून पाठ बघायची आणि समोरच्या चार टोपल्यांपैकी एकीत टाकायचा. फिकट, आरपार दिसणारा, स्वच्छ खडा एक नंबर. लालसर किंवा साल चिकटलेला दोन नंबर. काळपट, वाळू अडकलेला तीन नंबर. उरतो तो चुरा. एका खड्याला तीन-चार सेकंद लागतात. चष्मेवाली हे गप्प बसून करते. नंबरवाली पुटपुटते. एक, एक, दोन, एक, तीन. त्यावरून तिला हे नाव पडलं. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, तिथेच असतं.

तिच्या उजव्या हाताशी लोखंडी चिमटा असतो. खड्याच्या पाठीला सालीचा कपचा चिकटला असेल तर तो चिमट्याने ओढून पाहायचा. एकदाच. निघाला तर खडा एक नंबर, नाही निघाला तर दोन नंबर, पुढे बोलायचं काम नाही. शेडमध्ये याला 'एक चिमटा' म्हणतात. भिंतीवरच्या पाटीवर हा चौथा नियम आहे. तो नंबरवालीनेच आणला.

आठ वर्षांपूर्वी एक नंबर म्हणून पाठवलेली अख्खी गाडी परत आली होती. तेव्हा साल निघेपर्यंत चिमटे मारायची पद्धत होती. दोन, चार, लागतील तितके. खडा वरून स्वच्छ दिसायचा, पण आतून तडकलेला असायचा. गाडीच्या हादऱ्यांनी त्याच्या कडा झडल्या, झडलेल्या चुऱ्याला ओल धरली, आणि खरेदीदाराने पोतं उघडलं तेव्हा आत एकच ढेप होती. डिंक काढणाऱ्यांच्या गटाच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन आरडाओरड्यात गेल्या. तिसरीत नंबरवाली उठून म्हणाली, "चिमटा एकच मारायचा. जे निघत नाही ते निघत नाही." आणि खाली बसली. बैठकीत ती तेवढंच बोलली असल्याची नोंद आहे.

हा भाग कोरडा आहे. पाऊस मोजका, विहिरी खोल, शेती बेभरवशाची. उतारांवर काटेरी झाडं मात्र आहेत, बाभळीच्या जातीची. त्यांचा डिंक पूर्वीही काढत. पण मोठ्या कुऱ्हाडीने खोडात घाव घालायचे, येईल तो डिंक ओरबाडायचा, आणि सगळा एकाच पोत्यात भरून एकाच भावाने विकायचा. झाड दोन-तीन वर्षांत वाळायचं. एक पूर्ण उतार असा बोडका झाला. नंतर गट स्थापन झाला आणि झाडांचा अभ्यास केलेला एक अधिकारी येऊ लागला. लोक त्याला झाडसाहेब म्हणू लागले. त्याने छोट्या कुऱ्हाडीने सालीची फक्त वरची पट्टी सोलायला शिकवलं. पानगळ झाली की खाच पाडायची, महिनाभर थांबायचं, मग दर पंधरा दिवसांनी वेचणी. झाडं मोजून घरागणिक वाटली गेली. वेचलेला माल चटईवर आठवडाभर सुकतो आणि मग टेबलावर येतो. ज्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या त्यातल्या काही शेडमध्ये आल्या. नंबरवाली त्यातली. खडी फोडण्यापेक्षा खडे निवडणं सोपं, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी मान धरली.

शेडमध्ये जुनी थट्टा आहे. 'दोन नंबर' म्हटलं की जगाला काळा धंदा आठवतो. इथे नवरे आठवतात. बाहेर चटयांवर डिंक उलटापालटा करणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्याचा नंबर लावतात. कोणाचा तीन नंबर, कोणाचा नुसता चुरा. "आणि तुमचा गं?" असं कोणी विचारलं की नंबरवालीचं उत्तर ठरलेलं असायचं. "आमचा एक नंबर. पण साल चिकटलेली."

साल म्हणजे नणंद. नंबरवाली तिला आक्का म्हणते. आक्का नवऱ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर चार महिन्यांत माहेरी परत आली आणि का आली हे तिला कोणी विचारलं नाही, कारण विचारायला गेलेल्या पहिल्या बाईला तिने जे उत्तर दिलं ते गल्लीभर ऐकू गेलं होतं. नंबरवाली लग्न होऊन घरात आली तेव्हा आक्का उंबऱ्यातच बसलेली होती. "ये. वाकून ये, चौकट खाली आहे. मला सवय झालीय, तुला होईल." सव्वीस वर्षं दोघी एका चुलीवर आहेत. मूल झालं नाही; हा विषय घरात पंधरा वर्षांपूर्वी संपला.

सालीच्या त्या थट्टेची आक्काला कल्पना होती. तिचं म्हणणं, "साल आहे म्हणून खडा पडत नाही झाडावरून, हे सांग तुझ्या शेडमध्ये."

नवऱ्याला लोक हलक्या म्हणत. हाताचा हलका, म्हणून. त्याची खाच कागदाएवढी उथळ असायची. झाडसाहेब नवीन लोकांना शिकवताना त्याच्या झाडांपाशी घेऊन जात. घराच्या वाट्याला एकशे वीस झाडं आहेत, घरापासून सव्वा तास चालत. वेचणीच्या दिवशी तो पहाटे साडेचारला निघायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचा. गार डिंक कडक असतो. अर्धा वळसा देऊन वर उचलला की साल झाडावर राहते आणि खडा हातात येतो. ऊन लागलं की डिंक मऊ होतो, ओढावा लागतो आणि साल घेऊन येतो.

या वर्षी पानगळीनंतर तिसऱ्या दिवशी तो चौऱ्याहत्तर झाडांना खाचा पाडून पंच्याहत्तराव्याच्या बुंध्याशी बसला. शेजारच्या पट्ट्यातल्या माणसाला तो दुपारी सापडला. कुऱ्हाड मांडीवर आडवी होती. हृदय, असं डॉक्टरने लिहून दिलं.

त्याला नेलं त्या दिवशी नंबरवाली रडली नाही. भिंतीशी बसून राहिली. बायका म्हणाल्या, हिला रडवायला हवं, आत राहिलं तर वाईट. आक्काचा रडून रडून घसा बसला होता. ती जवळ आली आणि भावजयीच्या दंडाला तिने कचकचून चिमटा काढला. "रड की गं. रड एकदा." नंबरवालीने दंडाकडे पाहिलं, मग आक्काकडे, आणि पदर नीट केला. दंडावरची निळी खूण नऊ दिवस होती. अंघोळीच्या वेळी दिसायची. दुखत नव्हती.

पाचव्या दिवशी ती कामावर आली. तेव्हापासून तिला झोप नीट लागते, भूकही लागते. हे ती तक्रार सांगावी तसं सांगते. शेडमधली थट्टा मात्र बंद पडली. ती जवळून गेली की बाहेरच्या बायका एकदम डिंकाबद्दल बोलू लागतात.

गटाच्या नियमाप्रमाणे झाडं घराला दिलेली असतात, पण हातावर चालतात. खाच पाडणारा हात गेला तर घरातला दुसरा हात पुढे यावा लागतो आणि त्याला दोन वेचण्या मिळतात. दोन्हींपैकी एका तरी वेचणीत निम्मा माल एक नंबर निघाला पाहिजे. नाही निघाला तर झाडं यादीतल्या पुढच्या नावाला जातात. यादीत तेव्हा नऊ नावं होती. नियम कठोर वाटतो, पण बोडका उतार सगळ्यांनी पाहिलेला आहे.

आक्का पुढे आली. आठव्या दिवशी ती भावाचीच कुऱ्हाड घेऊन गेली आणि उरलेल्या सेहेचाळीस झाडांना तिने खाचा पाडल्या. वय चौपन्न. आयुष्यात हातात कुऱ्हाड पहिल्यांदा. झाडसाहेब पाहून आले आणि म्हणाले, "खोल आहेत, पण झाडं जगतील." आक्काने हे शाबासकीसारखं घरी सांगितलं.

पहिल्या वेचणीत एक नंबर निघाला तिसरा हिस्सा. ते ताट चष्मेवालीकडे गेलं होतं.

दुसऱ्या वेचणीचं ताट नंबरवालीपुढे आलं ते दहा वाजून चाळीस मिनिटांनी, चहानंतर. कोणाचा माल आहे हे निवडणारीला कळू नये म्हणून नावाची चिठ्ठी ताटाच्या बुडाला उलटी चिकटवलेली असते. तोलून झाल्यावर काटेवाले ती सोडवतात. काटेवाले म्हणजे वजनकाट्यावर बसणारे गृहस्थ, हलक्याचे मित्र. पण तिला चिठ्ठीची गरज पडली नाही. पहिला खडा पालथा केला तेव्हा पाठीवर केसासारखी रेघ होती. हलक्याच्या कुऱ्हाडीच्या पात्याला एक दाता पडलेला आहे. सोललेल्या पट्टीत त्याचा बारीक कंगोरा राहतो आणि त्यावर जमणाऱ्या डिंकाच्या पाठीवर रेघ उमटते. अशी रेघ दुसऱ्या कोणाच्या मालाला नसते. उथळ असेल तर खाच त्याची. खोल असेल तर आक्काची.

चष्मेवालीने मान न वळवता विचारलं, "रेघ आहे ना?"

"आहे."

"मग सरकव इकडे."

"का?"

"का म्हणजे? पाटीवर लिहिलंय. ओळख पटली तर ताट शेजारणीकडे द्यायचं. पाचवा नियम."

"अकरा वर्षांत किती ताटं दिलीस तू मला?"

"एकही नाही."

"मग."

पाचवा नियम कोणी पाळत नाही हे खरं आहे. दोघींनाही सगळ्यांचा माल नजरेने ओळखू येतो. नियम पाळला तर दिवसभर ताटं नुसती इकडून तिकडे फिरतील.

चष्मेवालीने हातातला खडा खाली ठेवला. "हे बघ, माझे डोळे असे. मला बाई एका चिमट्यात काही कळतच नाही. दोन लागतात. त्याला कोण काय म्हणणार?"

"कोणी नाही म्हणणार."

"एकशे वीस झाडं आहेत, बाई."

"मोजलीत मी."

"मग सरकव."

नंबरवालीने दुसरा खडा उचलला. उजेडाकडे धरला, पालथा केला. साल होती. चिमटा लावला, कपचा निघाला. एक नंबरच्या टोपलीत तो पडल्याचा आवाज झाला. त्यापुढचा निघाला नाही. दोन.

माल पहिल्या वेचणीपेक्षा बरा होता. आक्काने वळसा देऊन उचलायला शिकून घेतलं होतं, पण उशिरा गेली होती, हेही दिसत होतं. बऱ्याच खड्यांना टोकाला शेपटी होती, मऊ असताना ओढल्याची. त्याच्या खाचांचे खडे आणि आक्काच्या खाचांचे खडे ताटात मिसळलेले होते. नंबरवालीने ते वेगळे केले नाहीत. तिचं पुटपुटणं बंद झालं होतं. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं, चष्मेवालीच्या आलं.

साडेअकराच्या सुमाराला ताटात एक मोठा खडा निघाला, लिंबाएवढा. फिकट, आत एकही डाग नाही, खिडकीची चौकट त्यातून उलटी दिसत होती. असा खडा हंगामात तीन-चारदा मिळतो. पाठीवर रेघ होती, अगदी उथळ, आणि रेघेच्या शेजारी नखाएवढी साल.

तिने चिमटा लावला आणि ओढलं. अर्धी साल निघाली. अर्धी राहिली.

चिमटा खड्यापासून दोन बोटांवर थांबला.

चष्मेवालीने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा काढल्यावर तिला स्वतःचा हातही दिसत नाही, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिने तो खूप वेळ पुसला. एक काच, दुसरी काच, काड्या, मग पुन्हा पहिली काच. बाहेर चटयांवर कोणीतरी हसलं. दारातून उन्हाची तिरीप टेबलाच्या टोकापर्यंत आली होती. ती तिथे आली की साडेअकरा होतात.

"दोन," नंबरवाली म्हणाली. खडा दोन नंबरच्या टोपलीत पडला.

चष्मेवालीने चष्मा घातला. "काय बाई तू," एवढंच ती म्हणाली आणि आपल्या ताटाकडे वळली.

त्या वेळी मनात काय होतं असं कोणी विचारलं तर नंबरवाली आठवायचा प्रयत्न करते. मग म्हणते, "काही नाही. साल होती."

बारा वाजून दहा मिनिटांनी ताट संपलं. टोपल्या काट्यावर गेल्या. काटेवाल्यांचा आवाज मोठा आहे. ते प्रत्येक वजन घोषणा केल्यासारखं सांगतात आणि बाहेरच्या बायका ते ऐकून कोणाचं काय झालं ते ताडतात. एक नंबर पाच किलो अडीचशे. दोन नंबर चार किलो सहाशे. तीन नंबर एक किलो दीडशे. साल आणि चुरा चारशे ग्रॅम. एकूण अकरा किलो चारशे. चिठ्ठी सोडवल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला.

"वहिनी," ते म्हणाले, "हा काटा कधी कधी अडकतो. पुन्हा तोलतो."

त्यांनी पारड्याखाली फुंकर मारली, पुन्हा तोललं. पाच किलो अडीचशे. टोपली उचलून दुसऱ्या बाजूने ठेवली. पाच किलो अडीचशे.

"निम्म्याला साडेचारशे ग्रॅम कमी पडतात," ते म्हणाले. "दोन नंबरची टोपली पुन्हा एकदा बघतेस का? घाईत एखादा गेला असेल इकडचा तिकडे."

"घाई नव्हती."

"बघ तरी."

"काटा बरोबर आहे, भाऊ. लिहा."

त्यांनी लिहिलं. दोन नंबरच्या टोपलीत वरच लिंबाएवढा खडा होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि टोपलीवर फडकं टाकलं. फळ्यावरच्या यादीतलं पहिलं नाव एका विहीर खणणाऱ्याचं होतं. पाणी फार खाली गेल्यापासून त्याला काम नाही. दोन वर्षं तो यादीत आहे. काटेवाल्यांनी त्याच्या नावापुढे एकशे वीस हा आकडा लिहिला. खाली आणखी एक ओळ लिहिली, कारण तसा नियम आहे: जाणाऱ्या घराने येणाऱ्याला प्रत्येक झाड दाखवून द्यायचं, कोणती खाच कोणत्या अंगाला आहे ते सांगायचं. पुढच्या वर्षी खाच विरुद्ध अंगाला पाडायची असते. खडूने काम संपवून ते म्हणाले, "आक्कांना मी सांगू का?"

"मी सांगते. ती तुमचं काही ऐकून घेणार नाही."

"हो, तेही खरंच."

दुपारच्या डब्याला चष्मेवाली नेहमीच्या जागी बसली, नंबरवाली तिच्या शेजारी. चष्मेवालीने आपल्या डब्यातलं थोडं तिच्या झाकणात वाढलं, तिने खाल्लं. मीठ कमी होतं का, असं चष्मेवालीने विचारलं. नंबरवालीला सांगता आलं नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा उजेड होता. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट, त्यावर आता आक्का झोपते. आतल्या खोलीत चूल, पाण्याचे चार कॅन आणि नंबरवालीची गादी. आक्का उंबऱ्यात बसून कुऱ्हाडीचं पातं तेलाच्या चिंधीने पुसत होती. बातमी आधीच पोचली होती, हे तिच्या पुसण्यावरून कळत होतं.

"किती?" आक्काने विचारलं.

"सव्वापाच. पाच किलो सातशे हवा होता."

"ताट कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे."

आक्काने चिंधी उलटी केली. "एका चिमट्यात निघाली नाही म्हणायची साल."

"नाही निघाली."

"चष्मेवाली काय करत होती?"

"चष्मा पुसत होती."

"आणि तरी?"

"तरी."

आक्काने पात्यावरच्या दात्यावर अंगठा फिरवला. "मीपण तुला एकच काढला होता त्या दिवशी. दुसरा काढायला हवा होता."

नंबरवालीने चप्पल काढली, भिंतीशी नीट लावली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यात बसली. उंबरा दोघींना पुरतो. समोरच्या घरातली बाई दोरीवरचे कपडे काढत होती, ती आत गेली.

"कोण येतोय?" आक्का म्हणाली.

"विहीरवाला."

"त्याला झाड माहीत आहे का? त्याने आयुष्यभर जमिनीत बघितलंय, वर कधी बघितलं?"

"तू दाखवायचंस. उद्या. एकशे वीस."

"मी?" आक्का हसल्यासारखी झाली. "आणि माझं नाव?"

"यादीत टाकलं. शेवटी. तो गेल्यावर आठ राहिले, तू नववी."

"नऊ नंबर! तुझ्या टेबलावर इतका खालचा नंबर तरी आहे का गं? चुऱ्याच्याही खाली टाकलंस मला."

नंबरवालीने विचारलं, "वेचणीला निघालीस किती वाजता त्या दिवशी?"

"किती वाजता म्हणजे? नळ आला, पाणी भरलं, कॅन आत ठेवले, निघाले. साडेसहा. पोचले पावणेआठला. तोवर डिंकाला ऊन लागलेलं. हाताला चिकटत होता नुसता."

"तो साडेचारला निघायचा."

"त्याला कुठे पाणी भरायचं असायचं?"

नळ गल्लीच्या तोंडाशी आहे. पाणी पाच-वीसला येतं आणि सव्वासहापर्यंत असतं. शेड सुरू होते सव्वासातला. अकरा वर्षं पाणी आक्का भरते, स्वयंपाक नंबरवाली करते, झाडं हलक्या बघायचा. तो गेल्यावर झाडं आक्काने घेतली आणि पाणीही तिच्याकडेच राहिलं. त्याबद्दल घरात काही ठरलं नव्हतं आणि कोणी काही म्हटलंही नव्हतं. दोन्ही वेचण्यांच्या सकाळी आक्का रांगेत उभी होती आणि नंबरवाली आत चुलीपाशी बसून शेडची वेळ होण्याची वाट पाहत होती.

"पाणी मी भरलं असतं," नंबरवाली म्हणाली.

आक्काचा हात थांबला. तिने भावजयीकडे पाहिलं, गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा भावजयीकडे पाहिलं. एरवी असल्या वाक्यावर ती गल्लीभर ऐकू जाईल असं काहीतरी बोलली असती.

"सुचलंच नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"तुझं जाऊ दे. तू कुठे होतीस. मला सुचायला हवं होतं."

मग आक्काने कुऱ्हाड चिंधीत गुंडाळली. विहीरवाल्याला गट नवी देईल, ही घरचीच आहे. तरी उद्या ती बरोबर नेणार होती, खाचेची खोली दाखवायला. कोणाची खोली दाखवणार, असं नंबरवालीने विचारलं. "त्याचीच," आक्का म्हणाली. "माझी कशाला दाखवू? शेजारच्या पट्ट्यातली दाखवीन आणि म्हणेन, अशी पाडायची नाही."

नंबरवालीच्या नाकातल्या नाकात एक आवाज निघाला. ते हसू होतं की आणखी काही, हे आक्काला नीट कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

स्वयंपाक झाला. जेवताना आक्का म्हणाली, "मीठ जास्त झालंय." नंबरवालीने आणखी एक घास खाल्ला, थांबली, पाण्याचा पेला जवळ ओढला. "हो," ती म्हणाली. "जास्त झालंय." गेल्या बावन्न दिवसांत मिठाबद्दल घरात कोणी बोललं नव्हतं. जास्तच असायचं, किंवा नसायचं.

उद्या आक्का साडेचारला निघेल. विहीरवाला उताराच्या पायथ्याशी पावणेसहाला भेटणार आहे. नळाला पाणी पाच-वीसला येईल. रांगेत नंबरवाली उभी राहील, चार कॅन घेऊन. भरलेले कॅन उचलायची तिला सवय नाही, म्हणून तिने शेडमधून निघतानाच अर्ध्या तासाची सवलत मागून घेतली आहे. शेडच्या फळ्यावर तिच्या नावापुढे उद्याची वेळ खडूने लिहिलेली आहे: पावणेआठ.